महागाईने मत फिरतं का? घरखर्च आणि लोकसभेची निवडणूक

प्रश्न असा आहे: दर लोकसभेच्या आधी लोक महागाईबद्दल चिडून बोलतात, सर्वेक्षणांत महागाई वरच्या दोन-तीन मुद्द्यांत असते, तरीही कधी सरकार पडतं आणि कधी तेच सरकार पुन्हा निवडून येतं. मग वाढत्या घरखर्चाचा मतावर खरोखर परिणाम होतो की नाही?

होतो. मात्र तो थेट होत नाही, आणि सगळ्यांवर सारखा तर अजिबात होत नाही. मतदार सर्वेक्षणाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. प्रश्नावली तयार करते आणि मुलाखती घ्यायला स्वतःही घरोघर जाते. या कामातून माझं मत असं झालंय की घरखर्च वाढला की माणूस आधी सत्ताधाऱ्यांचं ऐकणं कमी करतो आणि दुसरं कुणी काय म्हणतंय तिकडे कान देतो. पुढे तो खरोखर तिकडे जातो का, हे मात्र बाजारभावांवर ठरत नाही. दोष कुणाचा वाटतो, घरात येणारा पैसा किती मागे पडला आणि समोर विश्वास ठेवावा असं कुणी आहे का, यावर ते ठरतं.

इतिहासापासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे या विषयावर ‘कांद्याने सरकार पाडलं’ हे एकच वाक्य फिरत असतं. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या. आदल्या वर्षी दुष्काळ होता, तेलाचा जागतिक भडका होता, कांदा आणि साखर कडाडली होती. कांदा प्रचारात होता हे खरंच. पण त्याच वेळी जनता पक्ष फुटला होता, चरणसिंहांचं काळजीवाहू सरकार होतं आणि देश कुणी चालवतंय की नाही असा लोकांना प्रश्न पडला होता. भाववाढ सोसणाऱ्या माणसाला ‘निदान सरकार तरी चालवून दाखवा’ असं वाटत होतं आणि इंदिराबाई नेमकं तेच आश्वासन देत होत्या.

१९७७ हे याच्या उलट उदाहरण आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाईचा दर पंचवीस टक्क्यांच्या घरात होता. १९७५-७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीत, घाऊक दर चक्क किंचित उतरले. भाव उतरलेले असतानाही उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ मिळाल्या. बाजारभाव दोन्हीकडे साधारण सारखेच होते. उत्तरेत नसबंदीची सक्ती घरात घुसली होती, दक्षिणेत तिचा जाच त्या मानाने कमी होता. स्वस्ताईने सरकार वाचत नाही याचा हा पुरावा आहे. २००४ हा दुसरा. तेव्हाही महागाई आटोक्यात होती आणि वाजपेयी सरकार गेलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण दिल्लीचं. १९९८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कांदा पन्नास-साठ रुपये किलो झाला. भाजपने निवडणुकीच्या तोंडावर साहिबसिंह वर्मांना हटवून सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री केलं, तरी विधानसभेत ७० पैकी ५२ जागा काँग्रेसला मिळाल्या. वर्षही उलटलं नाही आणि १९९९ च्या लोकसभेत त्याच दिल्लीने सातही जागा भाजपला दिल्या. मधल्या काळात कांदा उतरला, कारगिलचं युद्ध झालं आणि एका मताने पडलेल्या वाजपेयींबद्दल सहानुभूती होती. त्याच वस्तीतल्या त्याच लोकांनी भाजीचा राग एका मतपेटीत टाकला आणि देशाचा विचार दुसऱ्या. लोकसभेवर महागाईचा परिणाम जोखताना हे कायम लक्षात ठेवावं लागतं. राज्याच्या निवडणुकीत राग लवकर बाहेर पडतो. राष्ट्रीय निवडणुकीत त्याच्यासमोर सुरक्षा, नेत्याची प्रतिमा, जात-धर्म अशी बरीच वजनं येतात.

आता एक तांत्रिक मुद्दा. तो कळला नाही तर पुढचं सगळं चुकतं. ‘महागाई कमी झाली’ असं सरकार म्हणतं तेव्हा भाव वाढण्याचा वेग कमी झालेला असतो, भाव खाली आलेले नसतात. शंभराचं तेल दीडशेला गेलं आणि पुढच्या वर्षी एकशे पंचावन्नला आलं, तर अर्थतज्ज्ञाला महागाई उतरलेली दिसते आणि घर चालवणाऱ्या बाईला पंचावन्न रुपये जास्त दिसतात. दोघंही खरं बोलत असतात. अमेरिकेत जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता, सप्टेंबर २०२४ पर्यंत तो २.४ वर आला होता. तरी नोव्हेंबरमध्ये सत्ताधारी पक्ष हरला, आणि किराण्याचे भाव हे त्याच्या मुख्य कारणांपैकी एक होतं. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे ऐन मतदानात, किरकोळ महागाईचा दर ४.८३ टक्के होता. रिझर्व्ह बँकेच्या चार अधिक-उणे दोन, म्हणजे दोन ते सहा टक्के, या चौकटीत तो बसत होता. पण त्याच महिन्यात फक्त अन्नपदार्थांची महागाई ८.७० टक्के होती. २०२३-२४ च्या सरकारी कुटुंब खर्च पाहणीनुसार ग्रामीण घराच्या खर्चातला साधारण ४७ टक्के आणि शहरी घराचा जवळपास ४० टक्के खर्च खाण्यावर होतो. मग मतदाराने कोणता आकडा जगला, ते उघड आहे.

वेगाइतकाच काळही महत्त्वाचा असतो. २००८ च्या ऑगस्टमध्ये घाऊक महागाई तेरा टक्क्यांच्या आसपास गेली होती. २००९ च्या मतदानापर्यंत ती जवळपास शून्यावर आली. २००८ मध्येच शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली होती, रोजगार हमीचा पैसा गावात येत होता. मनमोहन सिंग सरकार टिकलं. त्यानंतर मात्र चार-पाच वर्षं किरकोळ महागाई नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अकराच्या वर गेली. काँग्रेस ४४ जागांवर आली. त्यात घोटाळे होते, नेतृत्वाबद्दलचा वैताग होता, हे मान्य. पण सहा महिन्यांचा भडका लोक विसरतात. चार वर्षं साचत आलेली उधारी कुणी विसरत नाही. ‘बहुत हुई महंगाई की मार’ ही घोषणा चालली, कारण ती ऐकणाऱ्या घरांना कुणी पटवून द्यायची गरजच उरली नव्हती.

झळ कुणाला किती बसते, यात आपल्याकडे प्रचंड फरक आहे. सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो आणि तो निर्देशांकाशी बांधलेला आहे. भाव वाढले की उशिरा का होईना, पगार वाढतो. याउलट ईपीएस-९५ च्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शन योजनेतल्या पेन्शनरचं बघा. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये ठरली आणि त्यानंतरच्या दोन्ही लोकसभा निवडणुका त्याच हजार रुपयांवर झाल्या. एकाच गल्लीत राहणारे निवृत्त शिक्षक आणि साखर कारखान्यातले निवृत्त कामगार ‘महागाई’ हा एकच शब्द वापरतात, पण दोघांचा अनुभव एक नाही. म्हणून प्रश्नावलीत मी उत्पन्नाचा आकडा विचारण्यापेक्षा तो शेवटचा कधी वाढला, हे विचारते. मताचा अंदाज त्यातून जास्त नीट येतो.

रेशनचं तसंच. करोनाच्या काळात सुरू झालेलं माणशी पाच किलो मोफत धान्य पुढे चालू राहिलं आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी वाढवलं गेलं. त्यामुळे गरीब घरात गहू-तांदळाच्या भावाचा चटका बराच बोथट झाला आहे. मी जाते त्या घरांत तक्रार आता तेल, डाळ, भाजी आणि सिलिंडरची असते. ‘पोट भरतंय, पण भाकरीबरोबर काय खायचं?’ अशा अर्थाचं मला वारंवार ऐकायला मिळतं. ते ऐकताना जीव तुटतो, पण माझ्या कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असाही असतो की राग आहे आणि त्या रागासोबत सरकारबद्दल थोडी कृतज्ञताही आहे. असा मतदार मत देताना बराच वेळ घेतो.

सर्वेक्षणांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गैरसमज इथूनच सुरू होतात. २०२४ च्या लोकसभेपूर्वी लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहणीत सगळ्यात मोठा मुद्दा म्हणून २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्के लोकांनी महागाई सांगितली. पाच वर्षांत भाव वाढले असं म्हणणारे ७१ टक्के होते. हे आकडे बघून बरेच जण म्हणाले की आता सरकार गेलंच. ते गेलं नाही. भाजप ३०३ वरून २४० वर आला आणि बहुमतासाठी मित्रपक्षांवर अवलंबून झाला. माझ्या मते महागाईसारखा मुद्दा साधारण इतकंच करू शकतो. तो काठ खातो. तटबंदी पाडायची तर सोबत आणखी काही लागतं.

याचं एक कारण असं की ‘महागाई’ हे कुणालाही न दुखावणारं उत्तर आहे. अनोळखी माणूस दारात येऊन विचारतो, आजूबाजूला शेजारी उभे असतात. अशा वेळी जातीचं, आरक्षणाचं, धर्माचं किंवा गावातल्या पुढाऱ्याचं नाव कोण घेईल? महागाई म्हटलं की सुटका. त्यामुळे ‘तुमचा मुख्य मुद्दा कोणता’ या प्रश्नाचं उत्तर मी नोंदवून घेते, पण त्या एकट्यावर विसंबत नाही. मी विचारते: गेल्या सहा महिन्यांत काय घेणं थांबवलं? दुकानातली उधारी महिनाअखेरीला पूर्ण फिटते का? बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज कशासाठी काढलं? घरातलं सोनं गहाण आहे का? उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर वर्षात किती टाक्या आणल्या? ज्या घरात मुलाच्या क्लासची फी भरायला बचत गटातून कर्ज निघालं आहे, त्या घरात महागाई हा नुसता बोलण्याचा विषय नसतो. मतदान आणि घरखर्च यांचा संबंध मला अशा घरांत सगळ्यात घट्ट दिसतो.

आणि घरातला पुरुष शेजारी बसलेला असेल तर बाईचं उत्तर वेगळं येतं. भाज्यांचे, तेलाचे, गॅसचे भाव तिला रुपयापर्यंत पाठ असतात, पण ‘मत कुणाला’ म्हटलं की ती त्याच्याकडे बघते. म्हणून महिला मुलाखतकार पाठवण्याचा आग्रह मी कधीच सोडत नाही. घरखर्चाचा प्रश्न ज्या व्यक्तीला सगळ्यात नीट माहीत आहे तिलाच बाजूला ठेवून केलेला अंदाज कसा बरोबर येईल?

त्यानंतरचा प्रश्न दोषाचा. भाव वाढले म्हणजे मतदार आपोआप दिल्लीला दोष देतो असं नाही. व्यापारी साठेबाजी करतात, पाऊस अवेळी झाला, युक्रेनचं युद्ध आहे, राज्य सरकार कर लावतं अशी उत्तरं मला सर्रास मिळतात. ज्या वस्तूचा भाव सरकार ठरवतं असं लोकांना दिसतं, तिथेच दोष थेट जातो. सिलिंडर हे त्याचं ठळक उदाहरण. २०१२ मध्ये मनमोहन सिंग सरकारने अनुदानित सिलिंडर वर्षाला सहावर आणले. ओरड झाल्यावर नऊ केले आणि जानेवारी २०१४ मध्ये बारा. तोपर्यंत सहाचा आकडा घराघरात पोचला होता, बारा कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. पुढे २०२० च्या मध्यात सहाशेच्या आत असलेलं सिलिंडर मुंबईत २०२३ मध्ये ११०२ रुपये ५० पैशांवर गेलं. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस दोनशेने आणि ८ मार्च २०२४ रोजी आणखी शंभराने ते उतरवलं गेलं. अकराशेशी तुलना करणाऱ्याला दिलासा दिसला, सहाशे आठवणाऱ्याला दिसला नाही. प्रचाराची अर्धी लढाई लोकांनी कोणता जुना भाव आठवावा, यावरच चालते.

सत्ताधाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून भावांना निवडणुकीचं वेळापत्रक असतं. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात पेट्रोल-डिझेलचे दर साडेचार महिने हलले नाहीत. निकाल १० मार्चला लागला आणि २२ मार्चपासून रोज थोडी थोडी वाढ सुरू झाली. कागदोपत्री दर तेल कंपन्या रोज ठरवतात. १५ मार्च २०२४ पासून पेट्रोल-डिझेल दोन रुपयांनी स्वस्त झालं आणि १६ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली. एप्रिलमध्ये होणारी टोलवाढ निवडणुकीमुळे पुढे ढकलली गेली आणि ३ जूनला लागू झाली. ४ जूनला निकाल होता. कोणत्याही रंगाचं सरकार असलं तरी हे होतं. शेवटच्या दोन महिन्यांतली स्वस्ताई लोकांना फसवते का? माझा अनुभव असा की जे आधीपासून सरकारच्या बाजूला कललेले असतात त्यांना ती तिथे टिकून राहायला कारण देते. चिडलेला माणूस दोन रुपयांनी शांत होत नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याला एक पदर आहे जो दिल्लीत बसून कळत नाही. इथल्या लाखो घरांत विकणारा आणि विकत घेणारा एकच असतो. शहरातला कांदा स्वस्त ठेवायचा म्हणजे लासलगावचा भाव पाडायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरमध्ये टनामागे ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. खरीप आणि रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा टिकत नाही. कांदाचाळीत साठवता येतो तो उन्हाळी कांदा. त्यामुळे बंदीच्या महिन्यांत आलेला माल शेतकऱ्याला मिळेल त्या भावात काढावा लागला. त्यातच एप्रिल २०२४ अखेर गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. टनांच्या हिशेबात ती किरकोळ होती, पण नाशिक जिल्ह्यात त्यानंतर दोष कुणाचा हा प्रश्नच उरला नाही. ४ मे रोजी बंदी उठली, तरी ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. २० मे रोजी मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, नाशिकची जागाही सत्ताधारी युतीच्या हातून गेली. पक्षफुटीचा राग, मराठा आरक्षण आणि संविधानाबद्दलची भीती ही कारणं राज्यभर होती, त्यामुळे सगळं श्रेय कांद्याला देणं चूक ठरेल. पण कांदापट्ट्यात शेतकऱ्याला बाकीचा राग एका ठिकाणी ओतायला कांद्याने जागा दिली, याबद्दल मला शंका नाही. महागाई रोखण्याच्या उपायाने मतं गेली, महागाईने नव्हे.

मराठवाडा-विदर्भात सोयाबीनचं असंच झालं. खाद्यतेलाचं आयात शुल्क कमी ठेवल्याने फोडणी स्वस्त झाली आणि सोयाबीन हमीभावाखाली राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, तेलावरचं शुल्क वाढवलं गेलं, कांद्याचं किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क निम्म्यावर आणलं. लोकसभेत काय महाग पडलं हे सरकारने बरोबर ओळखलं होतं.

पण तेवढ्याने विधानसभेचा निकाल फिरला असं मी म्हणणार नाही, कारण सोयाबीनचा भाव तेव्हाही ४८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच होता. फरक पाडला लाडकी बहीण योजनेने. जुलैपासूनचे महिना दीड हजार रुपये ऑगस्टपासून थेट बाईच्या खात्यात येऊ लागले आणि महायुतीला २८८ पैकी दोनशे तीसच्या आसपास जागा मिळाल्या. महागाईवर हा उपाय आहे का? भाव तर एका पैशाने उतरत नाहीत. मात्र ज्या व्यक्तीला घरखर्चाची सगळ्यात जास्त ओढाताण होते तिच्याच हातात रक्कम पडते, नवऱ्याकडे मागावी लागत नाही, आणि कुणी दिली हे तिला ठाऊक असतं. भाववाढीचा दोष दहा ठिकाणी विखुरतो. खात्यात आलेल्या पैशाचं श्रेय एकाच ठिकाणी जातं. रक्कम तीच राहिली आणि भाव पुढे गेले, की हा परिणाम झिजत जाणार. तो किती वेगाने झिजतो हे पुढच्या लोकसभेत कळेल. तुर्कस्तानातही २०२३ मध्ये महागाई चाळीस टक्क्यांच्या घरात असताना एर्दोआन जिंकले. त्यांनी जानेवारीतच किमान वेतन ५५ टक्क्यांनी वाढवलं होतं.

विरोधकांबद्दल एवढंच सांगते. महागाईला मतांपर्यंत न्यायला कुणीतरी वर्षानुवर्षं रस्त्यावर असावं लागतं. १९७२ च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईत लाटणं मोर्चे काढले. थाळ्या वाजवत बायका रस्त्यावर आल्या, तेल-साखर-रॉकेलच्या प्रश्नावर अधिकाऱ्यांना जाब विचारला गेला. १९७७ मध्ये दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. निवडणुकीच्या महिन्यात गळ्यात कांद्याची माळ घालून काढलेल्या फोटोला लोक तशी किंमत देत नाहीत, आणि बरोबरच करतात.

शेवटी मला सध्या सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या खर्चाबद्दल. २०२४ च्या निवडणुकीच्या वेळी जो किरकोळ महागाई निर्देशांक वापरात होता त्यात शिक्षणाचं वजन ४.४६ टक्के आणि आरोग्याचं ५.८९ टक्के होतं. ग्रामीण निर्देशांकात घरभाडं धरलंच जात नव्हतं. इंग्रजी शाळेत दोन मुलं असलेल्या तालुक्याच्या गावातल्या घराला विचारा, त्यांचा जून महिना कसा जातो. एक ऑपरेशन निघालं की दोन वर्षांची बचत संपते. या खर्चाबद्दल लोक माझ्याशी तासभर बोलतात, पण त्यासाठी सरकारला दोष देणारे फार थोडे भेटतात. शाळा आपणच निवडली, दवाखाना आपणच निवडला, असं ते म्हणतात आणि स्वतःलाच कमी पडल्याचं समजतात. सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना नीट चालला असता तर ही निवड करावीच लागली नसती, हे त्यांना अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. पुढच्या लोकसभेच्या प्रश्नावलीत किराण्याच्या बरोबरीने मी जूनची फी आणि दवाखान्याचं शेवटचं बिल विचारणार आहे, आणि त्याखाली आणखी एक प्रश्न: हा खर्च कमी करणं कुणाच्या हातात आहे असं तुम्हाला वाटतं?